डावा हब, उजवा हब

आमच्याकडे कैरीच्या फोडी मिठात दडपून ठेवायच्या असल्या की बरणीवर ताटली आणि ताटलीवर एक लोखंडी ठोकळा ठेवला जातो. नव्याने आलेली माणसं विचारतात, हे काय? मी सांगते, विलायती मोटारीचा हब आहे. त्यावर लोक हसतात, त्यांना ती थट्टा वाटते. पण तो खरोखरच एका इंग्लिश स्पोर्ट्‌स कारच्या पुढच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, आहे. त्याच्या बाहेरच्या अंगाला उभे दाते आहेत, म्हणजे कधीकाळी होते. आता ते झिजून म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखे बोथट झाले आहेत. ते झिजले म्हणून तर माझ्या आयुष्यात ते दीड वर्ष आलं. त्याच्याइतकं सुखाचं वर्ष मला पुढे मिळालं नाही. नवरा चांगला, मुलं चांगली, तक्रार कशाचीही नाही, तरीही हे खरं आहे.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये टर्नर होते. आम्ही नाशिक रोडला राहायचो. दोन खोल्या, पुढे पायरी, पायरीला लागून पत्र्याची शेड आणि मागच्या अंगणात तांब्याचा बंब. मी एकुलती एक. बाबांचं वेड एकच, बिघडलेलं काहीही दुरुस्त करणं. देवळालीच्या एका बंगल्यात, कोंबड्यांच्या खुराड्यात उभी असलेली एक उघडी मोटार त्यांना भंगाराच्या भावात मिळाली. बाटलीसारखा हिरवा रंग, तारांची चाकं, लांबलचक नाक आणि बसायला जागा फक्त दोन. बैलगाडीला बांधून ती घरी आणली तेव्हा सीटखाली तीन अंडी निघाली. आई दारात उभी राहून म्हणाली, "ही कुठली बया आणली घरात?" तेच तिचं नाव पडलं. गल्लीतली पोरंसुद्धा विचारायची, काका, बया सुरू झाली का?

बया सुरू झाली, पण थांबायचं तिला ठाऊक नव्हतं. पहिल्याच फेरीला बाबांनी हौसेने आईला शेजारी बसवलं आणि देवळालीकडे फिरवून आणलं. परत येताना वालदेवी नदीच्या उतारावर ड्रमचे ब्रेक तापले. बाबा पेडल दाबतायत, बया आपली चाललीच आहे. शेवटी रस्ता सोडून ती एका कडब्याच्या गंजीत घुसली तेव्हा कुठे थांबली. कुणाला लागलं नाही. आईच्या अंबाड्यात मात्र कडबा अडकला होता आणि ती तशीच, तो न काढता, चालत घरी आली. सगळ्या कॉलनीने पाहिलं. पायरीवर उभी राहून तिने सांगितलं, "जवर हिला थांबायची अक्कल येत नाय, तवर म्या हिच्यात पाय ठेवणार नाय." आई सिन्नरकडची. सिन्नरची माणसं बोललेलं मोडत नाहीत, असं बाबा म्हणायचे, आणि वर म्हणायचे की हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही.

बाबांना ते फार लागलं. बाकी कुणी बसो न बसो, आईने बसावं एवढंच त्यांना हवं होतं. कारखान्यात त्यांच्या हाताखालून गेलेला तुकडा कधी परत आला नव्हता, आणि घरच्याच माणसाचा त्यांच्या कामावर विश्वास नव्हता. काही वर्षं ते नुसतेच बयेभोवती फिरत राहिले. मग रस्त्यावर नव्या छोट्या मोटारी दिसू लागल्या, ज्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असायचे. एका रविवारी भंगारबाजारातून बाबा अशाच ठोकलेल्या गाडीचे ब्रेक पिशवीत घालून आले. पिशवी पायरीवर ठेवून मला म्हणाले, "सुमे, अभ्यास किती राहिलाय?" मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अभ्यास पुष्कळ राहिला होता. मी म्हटलं, काही नाही.

तेव्हापासून आमचे रविवार शेडमध्ये गेले. माझ्यासाठी त्यांनी द्राक्षाचा एक लाकडी खोका पालथा घालून पुढच्या चाकाशी ठेवला. तो इतका बुटका होता की बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे, पण चाकाचा मध्य बरोबर डोळ्यांसमोर यायचा. तो माझा खोका. बाबा जमिनीवर गोणपाट टाकून आडवे. आत आईचा पाटा-वरवंटा चाललेला असायचा, कारण रविवारी मटणाचा रस्सा आणि काळा मसाला ताजाच वाटायचा असा नियम होता. मसाल्याचा वास, ग्रीसचा वास, रेडिओवर कामगारांसाठीचा कार्यक्रम. वरवंट्याची घरघर थांबली की बाबा म्हणायचे, झालं बघ तिचं, आता पंधरा मिनिटांत हाक. मग आम्ही रॉकेलने हात धुवायचो. भाकरी मोडताना बोटांना तो वास यायचाच. मला तो आवडायचा. आजही पेट्रोलपंपावर गाडी उभी राहिली की मी काच खाली करते. नातू नाक दाबतो, आणि मला भूक लागते.

करायचं होतं ते सांगायला सोपं. जुने ड्रम काढायचे, त्या जागी डिस्क बसवायच्या. डिस्क पकडणारा ब्रेकचा जबडा मुळात दुसऱ्या गाडीचा, म्हणून त्याला बसायला जाड पत्र्याची जोडपट्टी कापायची. ती आम्ही पुठ्ठ्याची सात वेळा कापली आणि मग लोखंडाची एकदा. पण जुनं काढल्यावर दिसलं की हबचे दातेही संपले आहेत. तारांचं चाक हबच्या दातांवर बसतं आणि बाहेरून दोन कानांचा एकच मोठा नट त्याला धरून ठेवतो. तो तांब्याच्या हातोड्याने ठोकून आवळायचा. दाते झिजलेले, म्हणजे ब्रेक लागले तरी चाक जागच्या जागी घसरणार. झालं. बाबांनी साहेबांची परवानगी काढली आणि दुपारच्या सुटीत, डबा अर्धा टाकून, नवे हब घडवायला घेतले. दोन हबना आठ महिने लागले.

एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवली होती. डाव्या हबचे आटे सुलटे असतात आणि उजव्याचे उलटे. का? तर गाडी पुढे पळताना नट आपोआप आवळत जावा म्हणून. "अदलाबदल झाली तर?" मी विचारलं. "तर दर मैलाला नट थोडा थोडा सुटत जाईल. माणूस निवांत बसलेला आणि खाली चाक निघायची तयारी करू राहिलंय." नवे हब तयार झाले तेव्हा मी म्हटलं, यांच्यावर खुणा ठोकूया, उजवा-डावा. बाबा म्हणाले, "हात लावणारे आपण दोघंच. आपल्याला काय खुणा लागतात?" मला त्या 'आपण'चा इतका अभिमान वाटला की पुढे मी काही बोललेच नाही.

मनात मात्र एक खोट होती आणि ती इथे लिहिली पाहिजे. मला वाटत होतं की नव्या ब्रेकवर पहिल्या फेरीला मी बसणार. सतरा महिने खोक्यावर मी बसले होते, बोटं माझी सोलली होती. अष्टमीला हब चकचकीत पुसून झाल्यावर बाबा सहज म्हणाले, "परवा दसऱ्याला हिला घेऊन सिन्नरला जातो. मामाला सोनं देऊन येऊ." हिला म्हणजे आईला. जागा दोन. मी म्हटलं, छान. त्या दिवशी मटण नव्हतं, पण असतं तरी मला गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, त्याची पूजा करायची. बाबा कारखान्यातल्या मशिनच्या पूजेला गेले. घरी आईने विळी, अडकित्ता, सुरी, बाबांचे पाने असं सगळं लोखंड पाटावर मांडलं आणि मला म्हणाली, "ते नवं काय केलंय तेबी आण. ज्याच्या भरवशावर जायचं त्याला हळद-कुंकू नको?" मी हब त्यांच्या नटांसकट आणले. देव्हाऱ्याकडे तोंड करून उजवा उजव्या हाताला ठेवला, डावा डाव्या हाताला. झेंडूची दोन-दोन फुलं वाहिली, हळद-कुंकवाची बोटं ओढली. आईने हात जोडून बराच वेळ डोळे मिटले. ती काय मागत होती ते मला ठाऊक होतं. मी काय मागत होते ते तिला ठाऊक नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी घरात नुसती धांदल. चक्का फडक्यात टांगलेला, दाराला तोरण, मागे बंब पेटलेला. बाबा दात घासत म्हणाले, "सुमे, हब आणि चाकं चढवून टाक. मी आंघोळ करून ब्रेक बघतो." मी पाटाकडे गेले तर समोर समई आणि श्रीखंडाचं पातेलं. म्हणून मी वळसा घालून पलीकडून, देवाकडे पाठ करून बसले आणि हब उचलले. उजव्या हाताशी आला तो उजवा. माणसाचं मन ठिकाणावर असतं तर नट ठोकताना तरी लक्षात आलं असतं, की हातोडा भलत्याच बाजूने चाललाय. पण मी ठोकत होते ती रागाने. ज्या बाजूला घट्ट झाला त्या बाजूला ठोकला, आणि उठले.

बाबांनी चाक हलवून पाहिलं, ब्रेकचं तेल पाहिलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत बया पळवून आमच्या दारासमोर थांबवली. थांबली ती अशी की धूळ पुढे गेली आणि बया मागे राहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आईने हिरवी साडी नेसली होती. पदर कमरेला खोचून ती पायरी उतरली, बयेच्या दाराला हात लावून नमस्कार केला आणि बसली. बाबांचा तो चेहरा मी आयुष्यभर सांभाळला आहे. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हॉर्न वाजवला.

ते गेल्यावर मी पाट आवरायला बसले. पाटावर हबच्या जागी झेंडू पडले होते. फुलं गोळा करताना मी देव्हाऱ्याकडे तोंड करून बसले होते, आणि उजव्या हाताने उजवीकडची फुलं उचलली. तिथेच हात थांबला. सकाळी मी पलीकडून, देवाकडे पाठ करून बसले होते. मी शेजारच्या काकूंची लुना न विचारता काढली. पळसे गेलं, शिंदे गेलं, लुनाचा कान पिळलेलाच. रस्त्याकडेच्या प्रत्येक घोळक्यात मी हिरवी साडी शोधत होते. तेव्हा मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. त्यातलं काही पाळलंही नाही.

मोहदरी घाटाच्या पायथ्याशी बया उभी होती. चारही चाकांवर. बाबा डाव्या चाकाशी वाकलेले, आई दगडावर बसलेली, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. लुना टाकून मी धावले तेव्हा आईच बोलली. "म्या म्हणलं यांना, थांबवा. खालून टिकटिक येऊ राहिली. हे म्हणं, काही नाय, नवं लोखंड आहे. म्या म्हणलं, दीड वरीस मसाला वाटता वाटता ऐकलंय म्या, नट सुटताना आवाज कसा येतो ते. थांबवा!" आणि बाबांनी ब्रेक दाबला, आणि बया जागच्या जागी उभी राहिली. नट बोटांनी फिरत होता. अजून एखादा मैल, आणि पुढे घाट होता.

बाबा उठले. हाताला ग्रीस आणि कपाळाला घाम. आवाज चढवला नाही. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "हब कुणी उचलले पाटावरून?"

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, एकच होता. तेवढ्यात आई म्हणाली, "म्या. झाडायचं होतं, म्हणून पहाटं उचलून बाजूला ठेवलं. मला मेलीला काय कळतंय उजवं-डावं."

बाबा आईकडे नाही, माझ्याकडेच पाहत राहिले. मी खाली पाहिलं. मग ते एकदम हसले. "चल, ब्रेक तरी लागले ना?" म्हणाले, आणि हत्यारांची पेटी उघडून तिथेच, रस्त्याच्या कडेला, हबची अदलाबदल करायला बसले. मी पाना द्यायला पुढे झाले तर म्हणाले, "तू जा. काकू लुना शोधत असतील." मी निघाले. वळून पाहिलं तर आई पदर सावरून त्यांना पाने देत होती. चुकीचा पाना देत होती, आणि ते हसून परत करत होते.

ते सिन्नरला जाऊन आले. मामांनी म्हणे बयेलाही ओवाळलं. पुढच्या रविवारी बाबा आईला म्हणाले, "चल, तुला उजवं-डावं शिकवतो." हबवर त्यांनी खुणा ठोकल्या, 'उ' आणि 'डा'. आईने तेव्हापासून बयेची पाठ सोडली नाही. त्र्यंबक, इगतपुरी, वणी, जिथे जायचं तिथे दोघं बयेतूनच. मी खिडकीतून पाहायचे. मसाला आता शनिवारीच वाटून ठेवलेला असायचा. चाकाशी खोका पालथा घातलेला असायचा, माझा खोका, आणि मला वाटायचं की ती जागा आता आईची झाली. परीक्षा आहे असं मी सांगितलं होतं. परीक्षा संपली तरी मी तेच सांगत राहिले. बाबांनी हाक मारली नाही. मी ठरवलं की त्यांना माझी गरज उरली नाही. बरंच काही मी त्या वयात असं एकटीने ठरवून टाकलं. दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी पुण्याला गेले. पुढे गुडघे थकल्यावर बाबांनी बया एका हौशी माणसाला देऊन टाकली. जुना झिजलेला हब तेवढा लोणच्यासाठी मागे राहिला. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आई माझ्याकडे असते. नव्वदीला आली आहे. कान अजून तसेच, मिक्सरचं भांडं नीट बसलं नसलं तर आतल्या खोलीतून ओरडते. या वर्षी कैऱ्या चिरून झाल्या, मी हब धुऊन ताटलीवर ठेवला आणि काय झालं कुणास ठाऊक, इतक्या वर्षांनी बोलून गेले. "आई, घाटात तू खोटं बोललीस. हब मी उचलले होते."

"मग काय म्या?" आई म्हणाली. "त्या गोळ्याला म्या हात तरी लावला असता का?"

"बाबांना कधी सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं? ते दारात दात घासत व्हते. तू छातीशी धरून नेलेस ते त्यांनीच बघितलं व्हतं."

मी म्हटलं, "मग विचारलं कशाला?"

"तू सांगशील म्हणून. मलाच घरी येऊन बोलले, तू कशाला मधी पडलीस, म्हणले, पोरगी बोलली असती. आता तिची ती येईल, म्हणले, आपण हाक नाय मारायची. म्हणून तर खोका काढून ठेवायचे ना दर रविवारी."

"तो तुझ्यासाठी होता ना?"

आई हसली. "माझे गुडघे तवापासूनच असे. त्या बुटक्यावर बसले असते तर उठवायला चार माणसं लागली असती. म्या पायरीवर बसायची गं."

हे खरं होतं. डोळे मिटले तर मला आजही दिसतं, आई पायरीवर बसलेली, तिच्या हातात पाना, बाबा गोणपाटावर आडवे आणि मध्ये खोका. दोन वर्षं मी तो दर रविवारी पाहिला आणि त्यावर कुणी बसलेलं नाही हे मला एकदाही दिसलं नाही. मी विचारलं, पुढे त्या खोक्याचं काय झालं? आई मिठाचा हात पुसत होती. "तुझ्या हळदीच्या दिवशी फोडला त्यांनी," ती म्हणाली. "बंबात घातला."

हळदीच्या दिवशीचं पाणी मला आठवतं. इतकं कढत होतं की पहिल्याच तांब्याला मी न्हाणीघरातून ओरडले होते, बाबा, किती लाकडं घातलीत? बाबा बाहेर बंबापाशी बसले होते. तिथूनच म्हणाले होते, "होती तेवढी घातली, सुमे."